यंत्रमागावरील नक्षी

यंत्रमागावरील नक्षी म्हणजे विजेवर चालणाऱ्या मागावर कापड विणले जात असतानाच त्याच्या विणीतून उमटवलेली आकृती होय. छापील नक्षी तयार कापडावर रंगाने चढवली जाते, तर भरतकामाची नक्षी सुई-दोऱ्याने. विणलेली नक्षी मात्र धाग्यांच्या मांडणीतच असते. ती कापडापासून वेगळी करता येत नाही. त्यामुळे ती काढणाऱ्या चित्रकाराला मागाची रचना माहीत असावी लागते आणि माग लावणाऱ्या कारागिराला चित्र वाचता यावे लागते. चित्रकला, यंत्रशास्त्र आणि गेल्या काही दशकांत संगणकशास्त्र अशा तीन क्षेत्रांचा या कलेशी संबंध येतो.

महाराष्ट्रात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर आणि विटा ही यंत्रमागाची प्रमुख केंद्रे आहेत. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे देशातील सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक असून त्याला ‘भारताचे मँचेस्टर’ असेही संबोधले जाते. असे असूनही भिवंडीत विणल्या जाणाऱ्या कापडाचा मोठा भाग नक्षीविरहित, कोरा असतो. या विसंगतीची कारणे तांत्रिक आहेत, तशीच आर्थिक आणि कायदेशीरही आहेत.

विणीतून चित्र कसे उमटते

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि त्यांतून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून धोटा बाण्याचा धागा घेऊन पलीकडे जातो. फणी तो धागा ठोकून आधीच्या धाग्याला भिडवते. बाण्याच्या अशा एका फेरीला यंत्रमाग व्यवसायात ‘पिक’ म्हणतात. पुढच्या पिकाला ताण्याचे वेगळे धागे उचलले जातात आणि हाच क्रम चालू राहतो.

ताणा आणि बाणा जिथे एकमेकांना छेदतात त्या प्रत्येक ठिकाणी दोनच शक्यता असतात: ताणा वर किंवा बाणा वर. तिसरी शक्यता नसते. म्हणजे विणकराच्या दृष्टीने चित्र हे अखंड रेषा आणि रंगांचे नसून असंख्य लहान चौकोनांचे असते व प्रत्येक चौकोनाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. एक धागा सोडून एक उचलला की साधी वीण होते. उचललेल्या धाग्यांची जागा प्रत्येक पिकाला एकेक धाग्याने सरकवली की तिरप्या रेघांची ट्विल वीण तयार होते, आणि छेद दूर दूर विखुरले की गुळगुळीत, चमकदार सॅटिन वीण मिळते. एकाच रंगाच्या सुतातही या विणी वेगवेगळ्या दिसतात, कारण वर आलेला धागा प्रकाश कोणत्या दिशेला परावर्तित करतो हे विणीवर अवलंबून असते. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पांढरेच फूल दिसते ते यामुळे.

या पद्धतीच्या काही मर्यादा चित्रकाराला सुरुवातीपासून सांभाळाव्या लागतात. पहिली मर्यादा वक्ररेषेची. चौकोनांवर काढलेले वर्तुळ जवळून पाहिल्यास पायऱ्यांसारखे दिसते. सूत जितके बारीक आणि वीण जितकी घट्ट, तितक्या त्या पायऱ्या लहान होतात. दुसरी मर्यादा प्रमाणाची. कापडात इंचाला १०० ताणे आणि ६० पिके असतील, तर प्रत्येक छेदाचा चौकोन खरे तर चौरस नसून उभट असतो. साध्या चौरस आलेखावर काढलेले वर्तुळ अशा कापडावर उभे, लांबट होऊन उतरते. म्हणून नक्षीकागदाच्या रेघाच कापडातील ताणा-बाण्याच्या प्रमाणात आखलेल्या असतात. तिसरी आणि सर्वांत त्रासदायक मर्यादा तरंगत्या धाग्याची. एखाद्या पाकळीत बाणा पुष्कळ अंतरापर्यंत ताण्यांच्या वरूनच गेला, तर तो मोकळा राहतो, बोटात किंवा बांगडीत अडकतो आणि तुटतो. असा धागा ठरावीक अंतरावर ताण्याखाली बांधून घ्यावा लागतो. कुशल नक्षीकार हे बांधण्याचे ठिपके पानाच्या शिरांसारखे किंवा पाकळीच्या छायेसारखे बसवतो. अकुशल नक्षीकाराच्या कापडात ते पुरळासारखे दिसतात.

रंगांची छटा दाखवण्यासाठीही विणीचाच आधार घेतला जातो. काळा ताणा आणि पांढरा बाणा घेऊन छेदांचे प्रमाण हळूहळू बदलत नेले, तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या छटा मिळतात. वर्तमानपत्रातील छायाचित्र लहान-मोठ्या ठिपक्यांतून जशी छटा निर्माण करते, तशीच ही रीत आहे.

डॉबी आणि ड्रॉप बॉक्स

साध्या मागावर ताण्याचे धागे दोन किंवा चार चौकटींत ओवलेले असतात आणि चाकांच्या ठरावीक गतीने त्या चौकटी वर-खाली होतात. एका चौकटीतील सर्व धागे एकत्रच उचलले जात असल्याने यावर साधी वीण किंवा सोपी ट्विल वीण एवढेच शक्य असते.

डॉबी हे उपकरण चौकटींची संख्या वाढवते आणि कोणत्या पिकाला कोणत्या चौकटी उचलायच्या हे ठरवण्याची सोय देते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये त्याचा प्रसार झाला. लाकडी पट्ट्यांच्या साखळीत खुंट्या बसवलेल्या असतात. जिथे खुंटी आहे ती चौकट उचलली जाते, जिथे नाही ती खाली राहते. सामान्यतः सोळा ते चोवीस चौकटी वापरल्या जातात. त्यांतून बारीक चौकटी, शंकरपाळे, ठिपके, अरुंद काठ अशा भौमितिक आकृती विणता येतात. शर्टाच्या कापडावरील स्वतःच्याच रंगातील बारीक नक्षी बहुधा डॉबीची असते. मोर, कुयरी किंवा वेल मात्र डॉबीच्या आवाक्याबाहेर राहतो, कारण त्यासाठी शेकडो धागे एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलावे लागतात.

ड्रॉप बॉक्सचे काम निराळे आहे. त्यात वेगवेगळ्या रंगांच्या बाण्याचे धोटे वर-खाली सरकणाऱ्या कप्प्यांत ठेवलेले असतात व हवा तो धोटा मागाच्या पातळीवर आणला जातो. जॉन के याने १७३३ मध्ये उडता धोटा शोधला आणि त्याचा मुलगा रॉबर्ट याने १७६० मध्ये ड्रॉप बॉक्सची भर घातली. लुंगी, गमछा आणि चौकड्याच्या कापडातील आडवे रंगीत पट्टे या सोयीमुळे यंत्रावर विणता येऊ लागले.

जॅकार्ड यंत्रणा

प्रत्येक ताणा स्वतंत्रपणे उचलण्याची कला यंत्राआधीची आहे. त्यासाठी मागावर दोऱ्यांचे जाळे बांधले जाई आणि मागाच्या वर किंवा बाजूला बसलेला मदतनीस, पुष्कळदा लहान मुलगा, ठरलेल्या क्रमाने दोऱ्यांच्या जुड्या ओढत असे. बनारसचे किनखाब आणि औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरू कापड अशा जाळ्याच्या मागावर विणले जात असे. नक्षी दोऱ्यांच्या गाठींत साठवलेली असे. जाळे बांधणारा नक्षबंद हा विणकराहून वेगळा आणि मानाचा कारागीर होता.

फ्रान्समधील लियाँ येथे या मदतनिसाच्या जागी यंत्र आणण्याचे प्रयत्न अठराव्या शतकात सुरू झाले. बाझील बूशाँ याने १७२५ मध्ये भोके पाडलेला कागद वापरला, झाँ-बाप्तिस्त फाल्कों याने कागदाऐवजी एकमेकांना बांधलेली पुठ्ठ्याची कार्डे आणली आणि झाक द व्होकांसाँ याने ती यंत्रणा मागाच्या माथ्यावर नेली. या सर्वांची सांगड घालून जोसेफ मारी जॅकार्ड (१७५२–१८३४) याने १८०४ च्या सुमारास व्यवहारात चालेल असे यंत्र सिद्ध केले. शोधाचे श्रेय एकट्या जॅकार्डला दिले जात असले, तरी त्याची मोठी कामगिरी आधीच्या अर्धवट कल्पना एकत्र चालवून दाखवण्याची होती. फ्रेंच शासनाने हे यंत्र सार्वजनिक मालकीचे घोषित करून जॅकार्डला निवृत्तिवेतन दिले. रोजगार जाईल या भीतीने लियाँच्या विणकरांनी प्रारंभी त्याला विरोध केला होता.

यंत्रणेचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक पिकासाठी एक कार्ड असते. ते आडव्या सुयांच्या ओळीवर दाबले जाते. जिथे भोक असते तिथे सुई आरपार जाते आणि तिला जोडलेली उभी आकडी आपल्या जागी राहून वर जाणाऱ्या पात्यात अडकते. तिच्याबरोबर ताण्याचा धागा उचलला जातो. जिथे भोक नसते तिथे सुई मागे ढकलली जाते, आकडी पात्यावरून निसटते आणि धागा खालीच राहतो. कार्डे धरणारा चौकोनी दांडा प्रत्येक पिकाला पाव फेरी फिरतो आणि पुढचे कार्ड समोर येते. कार्डांची माळ संपली की पहिले कार्ड पुन्हा येते आणि नक्षीची पुढची आवृत्ती सुरू होते.

या यंत्राच्या क्षमतेचा गाजलेला नमुना म्हणजे १८३९ मध्ये लियाँ येथे रेशमात विणलेले खुद्द जॅकार्डचे व्यक्तिचित्र. त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली होती आणि पाहणाऱ्यांना ते कोरीव छापील चित्र वाटत असे. इंग्लिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेज याने त्याची एक प्रत मिळवून आपल्या घरी लावली होती. आपल्या नियोजित विश्लेषक यंत्राला सूचना व संख्या देण्यासाठी त्याने भोकांच्या कार्डांचीच योजना केली. एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये त्या यंत्रावर लिहिलेल्या टिपांत बीजगणितातील आकृतिबंध विणणाऱ्या यंत्राची जॅकार्डच्या फुलापानांशी तुलना केली. पुढे हर्मन हॉलेरिथ याने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी कार्डांवर आधारित गणनयंत्र वापरले. माग हा संगणकाचा पूर्वज आहे असे सरसकट म्हटले जाते, ते पूर्णपणे बरोबर नाही; माग काही मोजत नाही, तो फक्त लिहून ठेवलेला क्रम पाळतो. यंत्राला द्यायची सूचना यंत्राबाहेर साठवता येते आणि ती बदलली की तेच यंत्र वेगळे काम करते, ही कल्पना मात्र मागावरून आली.

चित्रापासून कार्डापर्यंत

कार्डांवर चालणाऱ्या मागासाठी नक्षी तयार करण्याचे काम अनेक हातांतून जाते. आधी चित्रकार रंगीत आराखडा काढतो. नक्षीकार तो नक्षीकागदावर उतरवतो. येथे प्रत्येक उभी पट्टी म्हणजे एक ताणा आणि प्रत्येक आडवी पट्टी म्हणजे एक पिक. रंगवलेला चौकोन म्हणजे उचललेला ताणा. मग कार्ड पाडणारा कारागीर एकेक ओळ वाचत पेटीसारख्या यंत्रावर भोके पाडतो, शेवटी कार्डे क्रमाने दोऱ्याने गुंफली जातात. एक कार्ड उलटे गुंफले गेले किंवा एक भोक चुकले, तर तो दोष नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत त्याच जागी पुन्हा पुन्हा येतो.

हिशेबाने पाहिल्यास कामाचा आवाका लक्षात येतो. ४०० आकड्यांचे जॅकार्ड आणि इंचाला १०० ताणे असतील, तर नक्षीची रुंदी ४ इंच असते. तिची उंचीही ४ इंच ठेवली आणि इंचाला ६० पिके घेतली, तर २४० कार्डे लागतात आणि नक्षीकाराला ९६,००० चौकोनांचा निर्णय घ्यावा लागतो. हीच ४ इंची नक्षी दोऱ्यांच्या जोडणीमुळे कापडाच्या पूर्ण रुंदीत शेजारी शेजारी येत राहते. साडीचा सलग पदर किंवा चादरीच्या मधोमध असलेला मोठा मोर विणायचा असेल, तर आकड्यांची आणि कार्डांची संख्या त्याच पटीत वाढते.

महाराष्ट्रातील इतर परंपरा

पैठणीच्या पदरावरील मोर, पोपट आणि कमळ ही परंपरेने जाळ्याची किंवा कार्डाची नक्षी नाही. विणकर वेगवेगळ्या रंगांच्या बाण्याच्या छोट्या कांड्या हाताने ताण्यांत गुंतवत जातो, त्यामुळे खरी पैठणी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. जॅकार्डवर विणलेल्या नकलेत मागच्या बाजूला तरंगते धागे दिसतात किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा राहतात. ग्राहकाला ओळखण्यासाठी हीच सोपी खूण सांगितली जाते.

सोलापूर येथील चादरी आणि टॉवेल जॅकार्डवर विणले जातात. सोलापुरी चादरीवरील ठसठशीत मोर, फुले आणि भौमितिक चौकटी जाड सुताला साजेशा आहेत: पायऱ्या लपवण्याऐवजी त्यांनाच आकृतीचा भाग केलेले आहे. सोलापूरला नक्षी हीच मालाची ओळख ठरली, भिवंडीची वाटचाल वेगळी झाली.

भिवंडी

भिवंडीत हातमागावर विणकाम करणारे मोमीन समाजातील विणकर मोठ्या संख्येने उत्तर भारतातून आले. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात हे स्थलांतर वाढले. शहरात वीज आल्यानंतर १९३० च्या दशकात हातमागांची जागा यंत्रमाग घेऊ लागले. मुंबईतील गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग विकत घेऊन अनेकांनी व्यवसाय उभारला. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईचे विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीसारख्या केंद्रांकडे सरकले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती आणि तिच्या उपजीविकेचा मुख्य आधार यंत्रमाग व त्यावर अवलंबून असलेले व्यवसाय हा होता.

भिवंडीतील बहुतांश माग साधे, धोट्याचे आहेत. काही मागांवर डॉबी बसवलेली आहे. जॅकार्ड त्या मानाने थोडे. गेल्या दोन-तीन दशकांत बिनधोट्याचे रॅपियर मागही आले आहेत. साध्या मागांवर तयार होणारे कोरे कापड पुढे प्रक्रिया कारखान्यांत धुतले, रंगवले आणि छापले जाते. म्हणजे भिवंडीच्या कापडावर चित्र येते ते बहुधा भिवंडीबाहेर आणि विणीतून नव्हे, तर छपाईतून. १९६० च्या दशकात फिरत्या जाळीदार नळ्यांवरील छपाईचे यंत्र आल्यावर छापील नक्षी इतकी स्वस्त झाली की विणलेल्या चौकड्याची आणि डॉबीच्या ठिपक्यांची नक्कलही छपाईतच होऊ लागली. संगणकीय शाईफवारा छपाईने तर नक्षीच्या लांबीवरची मर्यादाही उठवली.

यामागे व्यवसायाची घडण आहे. पुष्कळ मागमालक स्वतः सूत विकत घेत नाहीत. व्यापारी सूत किंवा तयार बीम देतो, मालक कापड विणून परत करतो आणि मजुरी घेतो. ही मजुरी पिकांवर ठरते. उदाहरणादाखल, पिकाला १० पैसे हा दर मानला, तर इंचाला ६० पिकांच्या कापडाला मीटरमागे ६ रुपये मिळतात. या हिशेबात घट्ट विणीला जास्त पैसे मिळतात, पण चित्राला स्वतंत्र जागा नसते. मागावर काम करणाऱ्या कामगारालाही सहसा विणलेल्या मीटरवर वेतन मिळते. मिनिटाला १५० पिके घालणारा माग ६० पिकांचे कापड तासाला सुमारे ३.८ मीटर विणतो, तेही धागा न तुटता अखंड चालला तर. नवी नक्षी लावायची म्हणजे माग थांबवणे, धागे नव्या क्रमाने ओवणे, कार्डांची किंवा खुंट्यांची साखळी बदलणे, पहिले काही मीटर तपासून दुरुस्त करणे. त्या वेळात माग एक पिकही घालत नाही. एकच कापड महिनोन्महिने विणत राहणे हे अशा व्यवस्थेत शहाणपणाचे ठरते. कल्पकतेच्या अभावाचा जो आरोप भिवंडीवर केला जातो, तो मजुरीचे गणित न पाहता केलेला असतो.

जागेची अडचणही खरी आहे. जॅकार्डची यंत्रणा मागाच्या डोक्यावर भक्कम चौकटीत बसवावी लागते आणि तिच्यापासून ताण्यापर्यंत येणाऱ्या दोऱ्यांना पुरेशी उंची लागते, नाहीतर कडेच्या दोऱ्या फार तिरप्या होऊन घासतात व तुटतात. दाटीने माग लावलेल्या, कमी उंचीच्या शेडमध्ये ते शक्य होत नाही. साध्या मागात दोष टाळण्याची साधनेही कमी असतात. धागा तुटताच माग आपोआप थांबण्याची सोय नसेल, तर कामगाराच्या लक्षात येईपर्यंत वीण चुकत राहते. कोऱ्या कापडात असा दोष काही अंशी खपून जातो, नक्षीच्या कापडात तो लगेच डोळ्यांत भरतो. विजेचा खंड, सुताच्या दरातील चढउतार आणि बिनधोट्याच्या मागांवरील कापडाची स्पर्धा यांनीही या व्यवसायाला ग्रासले आहे. जुने साधे माग सुधारण्यासाठी अर्थसाहाय्य देणारी ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही केंद्र शासनाची योजना १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडी येथूनच जाहीर करण्यात आली.

कोणती नक्षी कोणी विणायची

यंत्रमागावर काय विणता येते हे केवळ यंत्र ठरवत नाही. हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा संसदेने १९८५ मध्ये केला. त्याखाली सुरुवातीला २२ प्रकारची वस्त्रे हातमागासाठी राखीव होती. १९९६ मध्ये ही संख्या ११ करण्यात आली. साडी, धोतर, लुंगी, टॉवेल, गमछा, चादर, शाल, सतरंजी, मश्रू यांसारख्या वस्तूंचे ठरावीक वर्णनाचे प्रकार यंत्रमागावर विणण्यास मनाई आहे. ही वर्णने प्रामुख्याने नक्षीच्या भाषेत लिहिलेली असतात: सूत कोणते, काठ कसा, जादा ताणा किंवा बाणा घालून आकृती काढली आहे का, इत्यादी. यंत्रमागधारकांच्या आव्हानानंतर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हा कायदा वैध ठरवला.

कायद्याची बाजू समजण्यासारखी आहे. हातमाग विणकर साध्या कापडात यंत्राशी स्पर्धा करू शकत नाही. त्याच्याकडे उरते ती नक्षीच. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा की यंत्रमागधारकाला नक्षीकडे वळताना कायद्याची हद्दही पाहावी लागते. ही हद्द नेहमी स्पष्ट नसते. कायद्यात हातमाग म्हणजे यंत्रमाग नसलेला कोणताही माग, एवढीच व्याख्या आहे. विणकराचे श्रम कमी व्हावेत म्हणून हातमागावरील जॅकार्ड उचलण्यासाठी विजेची मोटर बसवली, तर तो माग कोणता, या प्रश्नावर अनेक वर्षे वाद चालू आहे.

नक्षीची मालकी हा आणखी एक प्रश्न. भारतात डिझाइन्स कायदा, २००० नुसार नवीन नक्षीची नोंदणी करता येते. संरक्षण १० वर्षांचे असते आणि ते आणखी ५ वर्षांनी वाढवता येते. नोंदणी होऊ शकणारी नक्षी नोंदवली नाही आणि औद्योगिक पद्धतीने तिच्या ५० पेक्षा जास्त प्रती काढल्या, तर तिच्यावरील प्रताधिकारही संपतो. सोफ्याच्या कापडावरील नक्षीसंबंधीच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हीच भूमिका घेतली: कागदावरील मूळ चित्र ही कलाकृती असली, तरी कापडावर उत्पादनासाठी उतरवलेली नक्षी डिझाइन्स कायद्याच्या कक्षेत येते. चार इंचांच्या नक्षीच्या ५० आवृत्त्या एका सहा मीटरच्या तुकड्यातही होतात. मोसमागणिक नक्षी बदलणाऱ्या लहान मालकाला नोंदणीची प्रक्रिया मात्र सहसा परवडत नाही, त्यामुळे शेजारच्या शेडमधून होणारी नक्कल हा धंद्याचाच भाग मानला जातो.

इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड

१९८३ मध्ये मिलान येथील यंत्रप्रदर्शनात ब्रिटनच्या बोनास कंपनीने कार्डांशिवाय चालणारे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड सादर केले. त्यात कार्डाच्या भोकाचे काम विद्युतचुंबक करतो. प्रत्येक आकडी एका लहान चुंबकाच्या नियंत्रणाखाली असते आणि ती धरायची की सोडायची हा आदेश संगणकातील फाइलमधून येतो. कार्ड पाडणे, गुंफणे, साठवणे ही कामे यामुळे संपली. नक्षीची लांबी कार्डांच्या संख्येवर अवलंबून राहिली नाही आणि नक्षी बदलण्यास लागणारा वेळ मिनिटांवर आला. ताण्याचा रंग किंवा सूत बदलायचे असेल तर मात्र माग आजही पूर्वीइतकाच वेळ थांबतो.

नक्षीकाराचे कामही पडद्यावर आले. आराखडा स्कॅन केला जातो, रंगांची संख्या कमी केली जाते, प्रत्येक रंगाला एकेक वीण नेमली जाते आणि संगणक तरंगते धागे शोधून दाखवतो. ते कुठे बांधायचे याचे सुचवलेले उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असते, पण पाकळीवर ठिपके कुठे शोभतील हे नक्षीकारालाच पाहावे लागते. या कामाचे शिक्षण महाराष्ट्रात दीर्घकाळ दोन वेगळ्या वाटांनी दिले गेले. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात वस्त्रकलेचा अभ्यास चित्रकलेच्या अंगाने होतो, तर १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत (आताची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था) तो यंत्रशास्त्राच्या अंगाने. माग चालवणारा कारागीर या दोन्ही वाटांच्या बाहेर, शेडमध्येच शिकत आला आहे.

कार्डावर चालणारे जॅकार्ड अद्याप पूर्णपणे बाद झालेले नाही. जुना माग स्वस्त असतो, तो दुरुस्त करणारे हात गावात असतात आणि वीजपुरवठ्यातील चढउताराने त्याचे काही बिघडत नाही. जुन्या नक्षी पुन्हा वापरायच्या असतील तर कार्डांच्या माळा जपल्या जातात. मूळ नक्षीकागद हरवला असला तरी त्या माळेवरून नक्षी उलट दिशेने वाचता येते: प्रत्येक कार्डाची भोके एका ओळीत मांडत गेले आणि मागाला दोऱ्या कशा जोडल्या होत्या हे माहीत असले की चौकोनांचा कागद पुन्हा तयार होतो. फाइलमध्ये साठवलेल्या नक्षीसाठी मात्र ती उघडणारी संगणकप्रणाली उपलब्ध असावी लागते.